टाइलच्या मागची भिंत

न्हाणीघरातल्या टाइलवर तांब्याभर पाणी ओता. एक थेंब आत जिरत नाही, सगळं खाली ओघळतं. तरीही दोन-तीन वर्षांत त्याच भिंतीच्या पलीकडच्या खोलीत ओलीचे डाग दिसू लागतात, रंगाचे पोपडे सुटतात. बादली ठेवतो त्या कोपऱ्यातल्या टाइलवर टिचकी मारली तर ढबढब आवाज येतो आणि एखाद्या सकाळी ती टाइल सुटून हातात येते. छातीच्या उंचीवरच्या टाइल्स मात्र जागच्या हलत नाहीत. पाणी टाइलमधून जात नसेल तर भिंतीत आलं कुठून? आणि सुटते ती नेमकी खालचीच टाइल का?

मोलगीच्या परिसरात हा प्रश्न तसा अलीकडचा. अक्कलकुवा तालुक्यातल्या सातपुड्याच्या या डोंगराळ भागात जुनं घर म्हणजे सागाचे खांब, बांबूचा कूड, त्यावर शेणामातीचा लेप आणि वर कौलं. अंघोळ परसात, सपाट दगडावर, आडोसा करून. दगडावरचं पाणी मातीत जिरायचं आणि ऊन लागलं की दगड कोरडा व्हायचा. भिंतीला पाणी लागायचा प्रश्नच नव्हता. आता घरकुलं झाली, नोकरीला किंवा कामाला बाहेर गेलेल्या मुलांनी पैसे पाठवले, विटा-सिमेंटची घरं उभी राहिली आणि अंघोळ चार भिंतींच्या आत आली. टाइल्स गुजरातेतल्या मोरबीच्या असतात. अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून पेट्या वर येतात. दुकानात रंग आणि नक्षी निवडायला घरातली सगळी माणसं जातात. टाइल ज्या भिंतीवर बसणार तिच्याकडे मात्र कोणी फारसं बघत नाही, आणि माझ्या मते सगळा घोटाळा तिथेच होतो.

परदेशी मासिकांत अशा लेखाचा विषय असतो बाथटबभोवतीची भिंत. आपल्याकडे टब क्वचित. त्याच्या जागी कोपऱ्यात विटांचा हौद असतो, कारण उन्हाळ्यात पाणी साठवल्याशिवाय डोंगरात चालत नाही. टब असो, हौद असो वा नुसती बादली, भिंतीला लागून रोज पाणी सांडणार असेल तर भिंतीची तयारी एकच.

पाणी शिरतं कुठून

भिंतीवरच्या चकचकीत टाइलचे दोन भाग असतात. वर काचेचा पातळ मुलामा आणि खाली भाजलेली माती. मुलाम्यातून पाणी जात नाही. खालची माती मात्र सच्छिद्र असते. टाइल्ससाठीचं भारतीय मानक, आयएस १५६२२, पाणी पिण्याच्या क्षमतेवरून टाइल्सचे गट पाडतं. भिंतीच्या साध्या टाइल्स सहसा शेवटच्या गटात येतात. त्या स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी शोषू शकतात. व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्याहून जास्त पाणी घेत नाही.

पण खरी वाट सांध्यांची. समजा न्हाणीघर चार बाय पाच फुटांचं आहे, दार वगळून सात फुटांपर्यंत टाइल लावली आहे आणि टाइल एक बाय दीड फुटाची आहे. हिशोब केला तर सगळे सांधे मिळून जवळपास १८० फूट भरतात. ही १८० फूट लांबीची रेघ बहुतेक ठिकाणी पांढऱ्या सिमेंटने भरलेली असते. पांढरं सिमेंट वाळताना आकसतं, त्याला केसासारख्या बारीक चिरा पडतात आणि प्रत्येक तांब्याबरोबर थोडं पाणी आत जातं. जरासंच जातं. पण ते रोज जातं, आणि पुढून चकचकीत मुलामा असल्यामुळे परत बाहेर यायला त्याला वाट नसते.

आत गेलेलं पाणी टाइलच्या पाठीमागून खाली उतरतं आणि भिंत व जमीन मिळते त्या कोपऱ्यात साठतं. तिथून ते पुन्हा वर चढतं. दिव्यातली वात तेल वर ओढते ना, तेच इथे घडतं. कापसाच्या धाग्यांमधल्या अरुंद फटी तेल खेचतात, तशा सिमेंटमधल्या आणि विटेतल्या बारीक नळ्या पाणी खेचतात. शास्त्रात याला केशाकर्षण म्हणतात. नळी जितकी अरुंद तितकं पाणी उंच चढतं. ०.१ मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत ते साधारण १५ सेंटिमीटर चढतं, तर ०.०१ मिलिमीटरच्या नळीत दीड मीटरपर्यंत जाऊ शकतं. प्रत्यक्षात भिंतीतून पाणी उडूनही जात असतं, म्हणून ओल सहसा गुडघ्या-कमरेच्या आसपास थांबते. खालचीच टाइल का सुटते याचं अर्धं उत्तर इथे मिळतं. वरचा भाग दोन अंघोळींच्या मधे थोडाफार सुकतो, खालचा कधीच सुकत नाही.

उरलेलं अर्धं उत्तर क्षारांचं. विटेत, वाळूत आणि सिमेंटमध्ये विरघळणारे क्षार असतात. पाणी त्यांना सोबत घेऊन फिरतं. जिथे पाणी उडतं तिथे क्षार मागे राहतात आणि त्यांचे स्फटिक वाढू लागतात. हाच भिंतीला लागणारा पांढरा लोणा. भिंतीच्या पृष्ठभागावर तो धरला तर फक्त दिसायला वाईट. प्लास्टरच्या आतल्या पोकळ्यांत धरला तर मात्र वाढणारे स्फटिक आतून दाब देतात आणि प्लास्टर फोडतात. टाइल चिकटलेली राहते, तिच्यामागचं प्लास्टरच भुसभुशीत होऊन सुटतं. निघालेल्या टाइलची पाठ पाहा. बऱ्याचदा तिला प्लास्टरचा थर चिकटून आलेला असतो. मग दोष टाइलला किंवा टाइल लावणाऱ्याला देण्यात अर्थ नाही.

यात थंडीची भर पडते. याच तालुक्यातल्या डाबच्या बाजूला हिवाळ्यात दवबिंदू गोठतात. अशा पहाटे चार-पाच अंशांच्या भिंतीवर चाळीस-पंचेचाळीस अंशांचं कढत पाणी पडलं की टाइल क्षणात प्रसरण पावते आणि तिच्यामागचा माल गारच राहतो. दोन मीटरच्या रांगेत हा फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास भरू शकतो. पाहायला गेलं तर काहीच नाही. पण टाइल्स एकमेकींना चिकटवून, मधे फट न ठेवता लावल्या असतील तर तेवढ्या अर्ध्या मिलिमीटरलाही जागा नसते. शेवटी रांगेतली सर्वांत कमी चिकटलेली टाइल पुढे येते. "सांधा दिसायला नको" या हौसेची ही किंमत. दोन मिलिमीटरची फट ठेवायलाच हवी.

आधी भिंत ओळखा

कुडाच्या किंवा मातीच्या भिंतीवर टाइल लावू नये. सिमेंट ताठ असतं, माती ओलीने फुगते आणि उन्हाने आकसते. शिवाय मातीची भिंत जिवंत राहते ती तिच्यातून ओल बाहेर जाते म्हणून. टाइल लावून ती वाट बंद केली की आतला बांबू कुजतो. जुनं घर ठेवून न्हाणीघर जोडायचं असेल तर त्याच्या भिंती विटांच्या, स्वतंत्र आणि घराच्या कुडापासून सुट्या बांधाव्यात.

विटेची भिंत चांगली, पण ती तहानलेली असते. विटांच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या भाजक्या विटेला वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत पाणी शोषायची मुभा आहे. अशा कोरड्या भिंतीवर माल थापला तर ती मालातलं पाणी लगेच ओढून घेते आणि सिमेंटला घट्ट व्हायला पाणी उरत नाही. म्हणून प्लास्टरच्या आदल्या दिवशी भिंत भिजवायची आणि काम सुरू करताना ती ओलसर ठेवायची, पाणी ओघळत असलेली नव्हे.

काँक्रीटचा कॉलम किंवा बीम उलट स्वभावाचा. तो गुळगुळीत असतो आणि फळ्यांना लावलेल्या तेलाचा अंश त्याला लागलेला असतो. त्यावर माल धरत नाही. छिन्नी-हातोडीने जवळजवळ टाचे मारून पृष्ठभाग खरबरीत करायचा, धुवायचा. वीट आणि काँक्रीट जिथे मिळतात तिथे दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात हलतात, म्हणून त्या सांध्यावर कोंबडी-जाळीची पट्टी ठोकूनच प्लास्टर करायचं. ही जाळी फार महाग नाही. ती बहुधा विसरली जाते.

जुनी भिंत असेल तर चुना, डिस्टेंपर, पुट्टी, ऑइल पेंट सगळं विटेपर्यंत किंवा पक्क्या प्लास्टरपर्यंत खरवडून काढायचं. टाइल रंगाला चिकटते आणि रंग भिंतीला. शेवटी रंगाची जितकी पकड तितकीच टाइलची.

पाणी जास्त, माल कच्चा

सिमेंट वाळून घट्ट होतं हा समज फार पक्का आहे. प्रत्यक्षात ते पाण्याशी रासायनिक प्रक्रिया करून घट्ट होतं. त्या प्रक्रियेत सिमेंटच्या वजनाच्या साधारण चौथाई पाणी बांधलं जातं. माल कालवायला आणि थापायला त्याहून जास्त पाणी लागतंच, पण बांधलं न गेलेलं पाणी पुढे उडून जातं आणि त्याच्या जागी पोकळ नळ्या राहतात. वर सांगितलेल्या, पाणी खेचणाऱ्या नळ्या त्या याच. म्हणजे थापायला सोपं जावं म्हणून मालात ओतलेली प्रत्येक जादा बादली उद्याच्या ओलीसाठी वाट करून देते. न्हाणीघराच्या भिंतीला एका सिमेंटला चार वाळू हे प्रमाण ठेवावं आणि माल थापीवरून ओघळणार नाही इतकाच ओला असावा. मालात मिसळायची जलरोधक रसायनं मिळतात, बहुतेकांचं प्रमाण ५० किलोच्या बॅगेला २०० मिली असतं. ती उपयोगी आहेत, पण मालातलं जादा पाणी ती भरून काढत नाहीत.

वाळूचं एक सांगायलाच हवं. काचेच्या बाटलीत अर्धी वाळू घाला, पाणी भरा, जोरात हलवा आणि दोन-तीन तास ठेवा. वाळूवर चिखलाचा वेगळा थर दिसेल. तो वाळूच्या उंचीच्या आठ टक्क्यांहून जास्त असेल तर वाळू धुऊन घ्या. चिखल वाळूच्या कणाभोवती बसतो आणि सिमेंटला कणापर्यंत पोचू देत नाही. नदीची वाळू असो वा खडी-क्रशरची, ही तपासणी दोघींना सारखीच.

प्लास्टरचा थर १२ ते १५ मिलिमीटर. भिंत वाकडी असेल आणि जास्त जाडी द्यावी लागत असेल तर दोन थरांत द्या. पहिल्या थरावर थापीने आडव्यातिडव्या रेघा मारा म्हणजे दुसरा धरेल. टाइल लावायच्या भिंतीवर वरचा थर गुळगुळीत घोटायचा नाही आणि त्यावर सिमेंटची भुकटी मारून चमक तर मुळीच आणायची नाही. हौशी कारागीर सवयीने घोटून देतो, त्याला आधीच सांगावं. ओळंबा मात्र कडक लावावा. भिंत ओळंब्यात नसली की टाइलवाला मागे कमी-जास्त माल भरून टाइल सरळ करतो. जाड मालाचा भाग जास्त आकसतो आणि तिथे पोकळी तयार होते.

आता सगळ्यांत दुर्लक्षित काम, क्युरिंग. प्लास्टर निदान सात दिवस ओलं राहायला हवं. डोंगरात बांधकामाची घाई होते ती पावसाळ्यापूर्वी, म्हणजे नेमकी पाणी नसलेल्या महिन्यांत. प्यायला हंडा मिळवायची मारामार असताना भिंतीला कोण पाणी मारणार? म्हणून जमत असेल तर न्हाणीघराचं प्लास्टर पौष-माघातच उरकावं. तेव्हा पाणी असतं आणि ऊनही सौम्य असतं. थंडी फार असेल तर सिमेंटची प्रक्रिया मंदावते, तेव्हा माल दुपारी लावावा आणि दिवस वाढवावेत. चैत्र-वैशाखातच करावं लागलं तर पाइपने फवारण्यापेक्षा ओलं गोणपाट भिंतीला टांगून ठेवावं. कमी पाण्यात जास्त वेळ ओल टिकते.

पाणी अडवायचं काम कोणाचं

प्लास्टर कितीही चांगलं झालं तरी ते थोडं पाणी पिणारच. पाणी खरोखर अडवतो तो प्लास्टर आणि टाइलच्या मधला जलरोधक थर. सिमेंट आणि अॅक्रिलिक पॉलिमरचं मिश्रण ब्रशने लावायचं. पहिला हात आडवा, तो सुकला की दुसरा उभा, म्हणजे एकात सुटलेली जागा दुसऱ्यात भरते. जमिनीवर आणि चारही भिंतींवर निदान फूटभर, आणि ज्या भिंतीवर पाणी पडतं तिथे डोक्याच्या उंचीपर्यंत. हौद असेल तर हौदाच्या आतून आणि हौद बांधण्याआधी त्याच्या मागच्या भिंतीवरही. दुसरा हात ओला असतानाच त्यावर चाळलेली कोरडी वाळू भुरभुरावी, नाहीतर पुढचा माल त्या गुळगुळीत थराला धरत नाही.

त्याआधी दोन जागा बुजवायच्या असतात. पहिली, भिंत आणि जमिनीचा कोपरा. तिथे मालाचा गोलसर वाटा मारायचा, कारण काटकोनी कोपऱ्यात जलरोधक थर वाकून फाटतो. दुसरी, पाइपांच्या घळी. पाइपात पाणी दाबाने भरून रात्रभर ठेवून पाहिल्याशिवाय घळ बुजवू नये. भिंतीत गळणाऱ्या पाइपावर बाहेरून कितीही थर दिले तरी उपयोग नाही. हे सगळं झालं की नहाणी ट्रॅपचं तोंड चिंध्यांनी बंद करून जमिनीवर दोन बोटं पाणी भरून ठेवायचं, किमान २४ तास. पलीकडच्या भिंतीला ओल फुटली नाही तर पुढे जायचं.

> चौकट : टाइलची पेटी फोडण्याआधी
>
> - तळहात भिंतीवरून फिरवा. हाताला पांढरी पूड लागली तर प्लास्टर कच्चं आहे किंवा क्युरिंग कमी पडलं आहे.
> - रुपयाच्या नाण्याने सगळीकडे ठोका. जिथे आवाज पोकळ, तिथलं प्लास्टर काढून पुन्हा करा.
> - सहा फुटी सरळ पट्टी लावा. मागे तीन मिलिमीटरहून जास्त उजेड दिसत असेल तर आधी भिंत सरळ करा.
> - प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव धरलं असेल तर भिंत अजून ओली आहे, किंवा मागून पाणी येतंय.

टाइल धरते कशाच्या जोरावर

जुनी पद्धत अशी. टाइल पाण्यात भिजवायची, पाठीला सिमेंटचा घोळ लावायचा, मधोमध मालाचा गोळा ठेवायचा आणि भिंतीवर दाबून मुठीने ठोकायची. भिजवणं बरोबर आहे, कारण सच्छिद्र टाइल कोरडी असली तर घोळातलं पाणी पिऊन टाकते. सिमेंटचे स्फटिक टाइलच्या आणि भिंतीच्या बारीक छिद्रांत वाढतात आणि त्यांचा खिळा बसतो. पण मधला गोळा घात करतो. टाइलचे चारही कोपरे पोकळ राहतात, सांध्यातून आलेलं पाणी तिथे साठतं, आणि बादलीचा एक धक्का कोपरा फोडायला पुरतो. शिवाय निव्वळ सिमेंटचा घोळ वाळूच्या मालापेक्षा बराच जास्त आकसतो. "घोळ दाट, पकड घट्ट" असं बरेच जण मानतात. दाट निव्वळ सिमेंट उलट लवकर तडकतं.

व्हिट्रिफाइड टाइलला ही पद्धत चालतच नाही. तिला छिद्रंच नाहीत, मग स्फटिक वाढणार कुठे? दुकानात ओळखायचं सोपं आहे. टाइल उलटी करून पाठीवर पाण्याचा थेंब टाका. थेंब लगेच जिरला तर सच्छिद्र, तसाच उभा राहिला तर व्हिट्रिफाइड. अशा टाइलला पॉलिमर मिसळलेलं टाइल अॅढेसिव्ह लागतं. सिमेंटमध्ये रबराचं दूध म्हणजे लॅटेक्स मिसळून पातळ थरात टाइल बसवण्याची युक्ती अमेरिकेत हेन्री रॉथबर्ग यांनी काढली आणि १९५६ मध्ये त्यावर कंपनी उभी केली. आजचं अॅढेसिव्ह त्याच घराण्यातलं. बॅगेवर आयएस १५४७७ हा क्रमांक पाहून घ्यावा. दातेरी थापीने ते भिंतीवर सगळीकडे सारखं ओढायचं आणि टाइल किंचित सरकवत दाबायची, म्हणजे दात मोडून हवा निघून जाते. पहिल्या दोन टाइल्स लावल्याबरोबर एक काढून पाठ पाहावी. ती पूर्ण माखलेली नसेल तर कारागिराशी तेव्हाच बोलावं, बिल देताना नको. अॅढेसिव्ह वापरताना टाइल भिजवू नये.

अॅढेसिव्ह सिमेंटपेक्षा महाग पडतं हे खरं. पैसे मोजकेच असतील तर मी ते खालच्या तीन फुटांसाठी वापरीन आणि वरच्या भागाला साधी, भिजवलेली टाइल पूर्ण पाठ माखून लावीन. त्याहूनही पैसे कमी असतील तर टाइल तीन फुटांवरच थांबवावी आणि वाचलेले पैसे जलरोधक थरात घालावेत.

टबाची कड, हौदाची कड

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींना वेगळीच अडचण येते. तिथली घरं लाकडी सांगाड्याची आणि आतून जिप्समच्या पाट्यांची. टबामागच्या पाटीत पाणी शिरलं की तिच्यावरचा कागद बुरसतो आणि पाटी मऊ होते. म्हणून टबाभोवती सिमेंटच्या पाट्या लावतात. त्या कुजत नाहीत. पण पाणी त्यांच्यातूनही पार जातं, त्यामुळे वरून जलरोधक थर त्यांनाही लागतोच. साहित्य बदललं तरी पाण्याचा स्वभाव तोच.

टब भिंतीला टेकवताना त्याची काठाची पट्टी टाइलच्या मागे जायला हवी, म्हणजे टाइलवरून ओघळणारं पाणी टबात पडेल, मागे जाणार नाही. आपल्याकडे टब विटांच्या ओट्यात बसवतात आणि ओट्याला टाइल लावून टाकतात. खाली निचऱ्याच्या सांध्यापर्यंत हात जाईल अशी एक खिडकी ठेवावी, नाहीतर गळती झाली की सगळा ओटा फोडावा लागतो. हौदाचं म्हणाल तर माझा कौल प्लास्टिकच्या पिंपाला. तो सरकवता येतो, मागची भिंत पुसता येते आणि ती सुकते. हौद बांधायचाच असेल तर त्याच्या आणि भिंतीच्या सांध्यात सिमेंट भरू नये. हौद भरतो, रिकामा होतो, वजनाने किंचित बसतो, आणि सिमेंटची रेघ पहिल्या वर्षीच चिरते. तिथे लवचीक सिलिकॉन सीलंट लागतं.

ते लावायचीही वेळ असते. दीडशे लिटरचा टब भरला की दीडशे किलोंचा भार येतो, वर माणूस, आणि टबाची कड भिंतीपासून एक-दोन मिलिमीटर खाली जाते. रिकाम्या टबाला सीलंट लावलं तर पहिल्याच अंघोळीला ते ताणून फाटतं. म्हणून फट कोरडी पुसून घ्यायची, टब काठोकाठ भरायचा, फट सर्वांत रुंद झालेली असताना सीलंट ओढायचं आणि पाणी एक दिवस तसंच ठेवायचं. दुसऱ्या दिवशी पाणी सोडलं की कड वर येते आणि सीलंट दाबलं जातं. पुढे टब कितीदा भरला तरी ते फक्त आपल्या मूळ रुंदीपर्यंतच ताणलं जातं. हौदालाही हेच लागू, आणि त्या एका दिवसाचं पाणी वाया जात नाही. ते दुसऱ्या दिवशी वापरायचंच असतं.